शेवटच्या तीन महिन्यांत गर्भजल सांभाळताना: पाणी पिणं पाचव्या क्रमांकावर का येतं

‘पाणी थोडं कमी वाटतंय’ एवढं वाक्य सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आलं की पुढच्या पाच मिनिटांत घरच्यांचा एकच कार्यक्रम ठरतो: हिला पाणी पाजा. दोन दिवस भरपूर पाणी, मग पुन्हा सोनोग्राफी. या दोन दिवसांत पाणमोटेतून थेंबथेंब गळतंय का, बाळ नेहमीसारखं हलतंय का, कंबरदुखीसाठी घेतलेली गोळी कोणती होती, बीपी किती आहे, हे कुणी विचारत नाही. पाणी प्यायलाच हवं. पण त्याआधी चार गोष्टी तपासून व्हायला हव्यात. त्यांतली एक जरी बिघडलेली असेल तर पाणी पिण्यात दोन दिवस फुकट जातात, आणि बाळाला ते परवडतीलच असं नाही.

हे सगळं २८ आठवड्यांनंतरच्या काळासाठी आहे. यातलं काही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळत नसेल तर त्यांचं ऐका. तुमची फाइल त्यांनी पाहिली आहे.

### आधी एवढं समजून घ्या

पाचव्या-सहाव्या महिन्यापासून गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी, आणि थोडा त्याच्या फुप्फुसांतून येणारा द्रव. बाळ ते गिळतं आणि पुन्हा लघवीवाटे बाहेर टाकतं. शेवटच्या दिवसांत रोज अर्ध्या लिटरहून जास्त पाणी असं येतं आणि जवळपास तितकंच जातं. साठा साधारण ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, ८०० मिलिलिटर ते एक लिटर. ४० व्या आठवड्यात तो ६०० मिलिलिटरच्या आसपास उतरतो, तारीख उलटली की आणखी खाली येतो. त्यामुळे नवव्या महिन्यातला आकडा आठव्या महिन्यापेक्षा थोडा कमी आला, एवढ्यावरून काही बिघडलं असं होत नाही.

पाणी खरोखर कमी होण्याच्या वाटा तीन. ते बाहेर गळतंय. किंवा बाळ लघवीच कमी करतंय, कारण वारेतून (प्लासेंटातून) रक्त कमी पोचतंय, एखाद्या औषधाचा परिणाम होतोय, नाहीतर बाळाच्या मूत्रपिंडात दोष आहे. किंवा आईच्याच अंगातलं पाणी कमी झालंय. जास्त पाणी पिण्याचा उपाय मुळाशी जातो तो फक्त या तिसऱ्या वाटेवर. पुढच्या टप्प्यांचा क्रम याच हिशोबाने लावला आहे.

### तयारी: काय हाताशी ठेवायचं

सातवा महिना संपायच्या आत हे एका जागी जमवून ठेवा:

- आजवरचे सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, जुना वर आणि नवा खाली. पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट सर्वांत महत्त्वाचा, कारण दिवस किती भरले याचा सगळ्यात भरवशाचा हिशोब त्यावरून लागतो.
- चालू औषधांची यादी. डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून स्वतः आणलेली, लावायची मलमं, काढे, पावडरी, सगळं.
- बीपी आणि शुगरच्या नोंदी, तारखेसह.
- पांढरे, बिनवासाचे सॅनिटरी पॅड. रंगीत किंवा सुगंधी पॅडवर गळती ओळखता येत नाही.
- मापाच्या खुणा असलेली एक बाटली.
- दवाखान्याचा रात्रीही लागणारा फोन नंबर, तोही घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये.

तपासून पाहा: ‘कितवा आठवडा?’ या प्रश्नाला तुम्हाला आठवडे आणि दिवस असं उत्तर देता येतं का? ‘नववा लागलाय’ हे उत्तर इथे पुरत नाही. तेच पाणी ३२ व्या आठवड्यात कमी असणं आणि ३९ व्या आठवड्यात कमी असणं, यांत डॉक्टरांचे निर्णय पूर्ण वेगळे असतात.

### टप्पा १: बाळाची हालचाल, आत्ता

रिपोर्ट बाजूला ठेवा. बाळ हलतंय का ते पाहा.

जेवणानंतर किंवा एरवी बाळ जागं असतं त्या वेळी कुशीवर आडवं व्हा. फोन, टीव्ही बंद. लाथ, वळवळ, कूस बदलणं, ढकलणं, प्रत्येक हालचाल एक धरा. उचकीसारखे एका लयीतले ठोके मोजू नका. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेक वेळा त्या खूप आधीच होतात. रोज एकाच वेळी मोजलं तर आठवड्याभरात आपल्या बाळाची तऱ्हा कळते, आणि ती तऱ्हा दहाच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. रोज वीस मिनिटांत दहा पूर्ण करणारं बाळ आज पावणेदोन तास घेत असेल, तर आकडा पूर्ण झाला म्हणून गप्प बसू नका.

‘शेवटी शेवटी जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलतं’ हे प्रत्येक बाईच्या कानावर येतं. हे खरं नाही. हालचालीचा प्रकार बदलतो. लाथांऐवजी ढकलणं, ताणणं, वळणं जास्त जाणवतं. हालचाल थांबत नाही, आणि दिवस भरत आले म्हणून ती कमीही होता कामा नये.

थांबा: हालचाल कमी वाटली तर पुढचे टप्पे वाचत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. गोड खाऊन पाहणं, गार पाणी पिऊन पाहणं, सकाळपर्यंत थांबणं, यांत वेळ जातो. घरी ठोके ऐकायचं यंत्र असेल तर तेही बाजूला ठेवा. ठोके लागले म्हणजे बाळ ठीक आहे असं होत नाही, आणि आईचे स्वतःचे ठोके बाळाचे समजून निर्धास्त होण्याचा धोका असतो.

### टप्पा २: गळती आहे का

सर्वांत जास्त हुकणारी पायरी ही. पाणमोट फुटली की भस्सकन पाणी जाणार, अशी सगळ्यांची समजूत असते. तसं होतंही. पण पिशवीला वरच्या बाजूला बारीक चीर गेली असेल तर पाणी थेंबथेंब येतं. बाळाचं डोकं खाली बसलेलं असेल तर मध्येच थांबतं आणि उठताना किंवा कूस बदलताना पुन्हा येतं. शेवटच्या महिन्यांत लघवीचे थेंब सुटणं आणि अंगावरून पांढरं जाणं हे दोन्ही नेहमीचंच, त्यामुळे गळती त्यांच्यात लपून जाते.

घरी असं पाहा:

१. लघवी करून मूत्राशय पूर्ण रिकामं करा. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, कोरडा करा.

२. कोरडा पांढरा पॅड लावा आणि वेळ लिहा.

३. अर्धा तास आडवं व्हा. मग उठून उभं राहा, दोन-तीनदा खोका.

४. पॅड काढून उजेडात पाहा, आणि वास घ्या. वास घ्यायला कुणी धजत नाही, पण निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

लघवी पिवळसर असते आणि तिचा उग्र वास लपत नाही. पांढरं जाणं घट्ट, चिकट असतं, पॅडवर वरच्या वर राहतं. गर्भजल पाण्यासारखं पातळ, रंगहीन किंवा किंचित पिवळट. पॅडमध्ये मुरतं, वास नसतो किंवा हलका गोडसर असतो. पॅड पुन्हा पुन्हा ओला होत असेल तर तो सोबत घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टर आत उपकरण घालून पाणी साचलंय का ते पाहतात, गरज पडली तर द्रवाची चाचणी करतात. पॅडवर काही कळलं नाही, पण शंका जात नाही, तरीही दाखवाच. घरची चाचणी गळती पकडायला आहे, ‘गळती नाही’ असा दाखला द्यायला नाही.

थांबा: पाणी हिरवट किंवा तपकिरी आलं, रक्त दिसलं, घाण वास आला, ताप किंवा थंडी वाजून आली, तर लगेच निघा. ३७ आठवड्यांच्या आत साधं स्वच्छ पाणी आलं तरी हेच. या काळात आत काहीही घालू नका, टबमध्ये बसून आंघोळ नको, संबंध नकोत.

नेहमीची चूक: ‘सोनोग्राफीत पाणी ठीक आहे, म्हणजे गळत नाही.’ बाळ नवं पाणी करत राहतं, त्यामुळे गळती असूनही आकडा चांगला दिसू शकतो. गळतीची शंका सोनोग्राफीने मिटत नाही, तपासणीनेच मिटते.

### टप्पा ३: रिपोर्टमधला आकडा नीट वाचा

रिपोर्टवर पाण्याची नोंद दोनपैकी एका पद्धतीने असते.

पहिली पद्धत म्हणजे एएफआय, म्हणजे गर्भजलाचा निर्देशांक. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ कल्पून पोटाचे चार भाग केले जातात. प्रत्येक भागात नाळ किंवा हातपाय मध्ये न येणारा सर्वांत खोल पाण्याचा कप्पा शोधून त्याची उभी खोली मोजतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात. ५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे पाणी कमी, २४-२५ सेंमीच्या वर म्हणजे जास्त. ५ ते ८ यांना बरेच जण ‘सीमेवर’ म्हणतात.

दुसऱ्या पद्धतीत सगळ्यांत खोल असा एकच कप्पा मोजतात. २ सेंमीपेक्षा कमी म्हणजे पाणी कमी, ८ सेंमी किंवा जास्त म्हणजे जास्त. जुळं असेल आणि पिशव्या वेगळ्या असतील तर प्रत्येक बाळासाठी हाच आकडा वेगळा पाहतात.

आता एक उदाहरण. वर उजवीकडे २.४, वर डावीकडे १.५, खाली उजवीकडे ०.९, खाली डावीकडे शून्य. बेरीज ४.८, म्हणजे एएफआयनुसार पाणी कमी. पण सर्वांत खोल कप्पा २.४ सेंमी, म्हणजे दुसऱ्या पद्धतीनुसार पाणी पुरेसं. एकच पोट, एकच मशीन, दोन निष्कर्ष. दोन्ही पद्धतींची तुलना झाली आहे. एएफआय वापरल्यावर जास्त बायकांना ‘पाणी कमी’ असा शिक्का बसतो आणि जास्त जणींना कळा आणल्या जातात. बाळांचं त्यामुळे अधिक भलं होताना मात्र दिसत नाही. म्हणून रिपोर्टवर फक्त एएफआय असेल तर शांतपणे विचारा: ‘सर्वांत खोल कप्पा किती आहे?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगल्या डॉक्टरला तो आवडतो.

तपासून पाहा:

- आकडा सेंमीत आहे की मिलिमीटरमध्ये? ११० वाचून घाबरलेले असतात, ते ११ सेंमी असतं.
- मागच्या वेळी मोजणी कुणी, कोणत्या पद्धतीने केली होती? दोन वेगळ्या माणसांच्या मोजणीत एक-दोन सेंमीचा फरक सहज पडतो. पोटावर यंत्र जास्त दाबून धरलं तरी आकडा कमी येतो. ९ चे ८ झाले म्हणून रात्र जागवू नका. १४ चे ७ झाले तर विचारा.
- त्याच रिपोर्टवर बाळाचं वजन वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, वार कशी आहे, डॉपलर (नाळेतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) केला का? पाणी कमी आणि वाढही मागे असेल तर तो वेगळाच, जास्त गंभीर विषय आहे. पाण्याचा आकडा या बाकीच्या ओळींशिवाय अर्धवट असतो.

### टप्पा ४: औषधं आणि बीपी

औषधांची यादी काढा आणि दुखण्यावरच्या गोळ्या आधी शोधा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या गटातली औषधं बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करतात, त्याची लघवी कमी होते आणि पाणी उतरतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये २० व्या आठवड्यापासून ही औषधं टाळण्याचा इशारा दिला. परिणाम साधारणतः काही दिवसांच्या वापरानंतर दिसतो, कधी दोन दिवसांतही. औषध थांबवल्यावर पाणी बहुतेक वेळा परत वाढतं. म्हणजे हे शोधून काढलं तर फायदा लगेच आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पाठदुखीची गोळी, दातांसाठी आणलेली गोळी, सर्दीच्या मिश्र गोळीत दडलेला हाच घटक, सगळं पाहा. मलम आणि वेदनाशामक पट्ट्यासुद्धा विचारूनच.

बीपीच्या काही गोळ्या, म्हणजे एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांच्या गटातल्या, गरोदरपणात चालत नाहीत. त्यांनीही पाणी खूप उतरतं. अशी गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. नुसती बंद करून बसू नका. बीपी उसळणं तितकंच वाईट.

थांबा: डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन या यादीत येत नाही. ती वारेच्या रक्तपुरवठ्यासाठी, बीपीचा त्रास टाळण्यासाठी दिलेली असते. ‘दुखण्याच्या गोळ्या बंद’ म्हणताना ही बंद करून टाकू नका.

मग बीपी. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, मग मोजा. १४०/९० किंवा वर आला तर त्याच दिवशी कळवा. १६०/११० म्हणजे तातडी. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, यांतलं काही असेल तर आकडा कितीही असो, दाखवा. बीपी वाढल्यामुळे वारेतलं रक्त कमी होऊन पाणी उतरत असेल, तर कितीही पाणी प्यायलात तरी ते मूळ कारणापर्यंत पोचत नाही.

सिगारेट, तंबाखू चालू असेल तर तेही या यादीत लिहा. लपवून उपयोग नाही.

### टप्पा ५: आता पाणी

वरचे चार टप्पे झाले, काही तातडीचं निघालं नाही, मग हा टप्पा.

जास्त पाण्याने आकडा वाढतो का? थोडा वाढतो. ज्यांचं पाणी कमी होतं अशा बायकांना सोनोग्राफीआधी दोन लिटर जादा पाणी प्यायला सांगून अभ्यास झाले आहेत; एएफआय सरासरी दोन सेंमीच्या आसपास वाढला. आईच्या रक्तातलं पाणी वाढतं, ते वारेतून बाळाकडे सरकतं, बाळ लघवी जास्त करतं. पण त्यामुळे बाळंतपणाचा निकाल सुधारतो, हे त्यांतून सिद्ध झालेलं नाही. आकडा वाढणं आणि बाळाची प्रकृती सुधारणं यांत अंतर आहे, ते लक्षात ठेवा.

दिवसाचं माप: ८ ते १२ पेले, म्हणजे साधारण दोन ते पावणेतीन लिटर. उन्हाळा, घाम, ताप असेल तर थोडं जास्त. हे माप दिवसभरात वाटून घ्या. उठल्यावर दोन पेले, मग जागेपणी दर तासा-दीड तासाला एक, संध्याकाळनंतर हळूहळू कमी. म्हणजे रात्री चार वेळा उठावं लागत नाही. बाटली सकाळी भरून ठेवा आणि किती वेळा रिकामी झाली तेवढंच लिहा. आठवणीवर विसंबलं की प्रत्येकीला आपण भरपूर प्यायलो असंच वाटतं.

पाणी पुरतंय का, हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी असेल तर पुरे. गडद असेल तर कमी पडतंय. दिवसभर अगदी पाण्यासारखी स्वच्छ असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय. सकाळची पहिली लघवी आणि व्हिटॅमिनच्या गोळीनंतरची लघवी यावरून अंदाज बांधू नका.

साधं पाणी सर्वांत चांगलं. साखरेची पेयं, डब्यातले रस नकोत. शुगर वाढली तर वेगळंच प्रकरण हातात येतं. चहा-कॉफी पाण्याच्या हिशोबात धरली तरी चालते, पण दिवसभरातलं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. उलट्या-जुलाब झाले असतील तर नुसत्या पाण्याने भागत नाही, ओआरएस घ्या. काहीच पोटात टिकत नसेल तर सलाइनसाठी दवाखान्यात जा.

थांबा: हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल, बीपी वाढलेला असेल किंवा अंगावर सूज असेल, तर किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा. आणि निरोगी बाईनेही तासाभरात दोन-तीन लिटर ढोसू नये. रक्तातलं सोडियम एकदम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, झटकेही येऊ शकतात.

नेहमीची चूक: एरवी दिवसाला एक लिटर, आणि सोनोग्राफीच्या सकाळी दोन लिटर. त्या दिवशीचा आकडा फुगतो, डॉक्टर निर्धास्त होतात, आणि परवा पाणी पुन्हा तिथेच. परीक्षेला रट्टा मारून जाण्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की मार्क बाळाचे असतात. सोनोग्राफीच्या दिवशी नेहमीइतकंच प्या आणि जादा प्यायला असाल तर तसं सांगा.

अमिनो ॲसिडच्या पावडरी, ‘पाणी वाढवणाऱ्या’ गोळ्या, काढे यांबद्दल थोडक्यात: डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर घ्या, दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरून आणू नका. सिल्डेनाफिल, म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध, तर अजिबात स्वतःहून नको. वाढ खुंटलेल्या बाळांसाठी ते देऊन पाहणारी नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली होती, कारण औषध दिलेल्या गटात जन्मानंतर बाळं दगावली.

### टप्पा ६: कूस आणि विश्रांती

झोपताना कुशीवर. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येतं आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. डावी कूस चांगली म्हणतात, पण उजवीवर जाग आली म्हणून दचकू नका, दोन्ही चालतात. पाठीमागे उशी लावा, म्हणजे झोपेत उताणं होणं टळतं. दुपारीही तास-दीड तास कुशीवर पडा.

एवढंच पुरे. दिवसभर अंथरुणाला खिळून राहिल्याने फायदा होतो असा पुरावा नाही. पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका मात्र वाढतो, अंगातली ताकद जाते आणि मन आंबतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नसेल तर घरातली हलकी कामं, थोडं चालणं चालू ठेवा. भर उन्हात उभं राहणं, घामाघूम करणारं काम मात्र सोडा.

### टप्पा ७: पुन्हा मोजणी, आणि सोबत काय तपासायचं

पुढची सोनोग्राफी कधी, हे डॉक्टर ठरवतील; पाणी कमी असेल तर सहसा आठवड्यातून एकदा-दोनदा. जमेल तर त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर करा. रोज मोजून काही साधत नाही. आकडा खालीवर होतो आणि काळजी तेवढी वाढते.

फक्त पाणी मोजून परत येऊ नका. बाळाच्या ठोक्यांचा आलेख, नाळेच्या रक्तप्रवाहाचा डॉपलर, आणि दोन-तीन आठवड्यांनी वजनाची वाढ, यांतलं आपल्याला काय लागेल ते विचारा. डॉपलर चांगला, वाढ चांगली, हालचाल चांगली आणि पाणी थोडं कमी, हे चित्र वेगळं. पाणी तेवढंच, पण डॉपलर बिघडलेला, हे चित्र वेगळं.

### टप्पा ८: बाळंतपण कधी, कसं

गळती नाही, बीपी ठीक, बाळाची वाढ ठीक, आणि तरी सर्वांत खोल कप्पा २ सेंमीच्या खाली असेल, तर ३६ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३७ आठवडे ६ दिवसांपर्यंत बाळंतपण करावं, असं अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटना सांगते. इतर कारणं सोबत असतील तर आधीही करावं लागतं. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होईल असं दिसलं तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात; ती टाळू नका.

‘पाणी कमी म्हणजे सिझरच’ असा नियम नाही. कळा आणून नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं. पाणी कमी असलं की नाळ दाबली जाऊन ठोके मध्येच उतरण्याची शक्यता जास्त, म्हणून कळांमध्ये ठोके सतत पाहावे लागतात. ती सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि हे आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी नळीने गर्भाशयात सलाइन सोडून नाळेवरचा दाब कमी करतात.

या टप्प्यावर उलट्या बाजूची चूकही होते: ‘आणखी चार दिवस पाणी पिऊन पाहू.’ दिवस भरले असताना आणि आकडा खरंच कमी असताना चार दिवस मागून घेण्याआधी डॉक्टरांना विचारा की थांबल्याने बाळाला काय मिळणार आहे.

### आणि पाणी जास्त असेल तर

इथे लोक उलटं करतात, पाणी प्यायचंच थांबवतात. त्याने गर्भजल कमी होत नाही, तुम्हीच कोरड्या पडता. जास्त पाण्यामागे आईची वाढलेली शुगर हे सापडणारं मोठं कारण. म्हणून आधी शुगरची तपासणी, मग बाळाच्या गिळण्याच्या मार्गात काही अडथळा आहे का याची सविस्तर सोनोग्राफी. कित्येकदा कारण सापडतही नाही आणि सगळं नीट पार पडतं.

धाप लागणं, पोट एकदम ताणून चकाकणं, दिवसांच्या आधी कळा येणं, यांकडे लक्ष ठेवा. पाणमोट फुटताना पाण्याच्या लोंढ्यासोबत नाळ बाहेर येण्याची शक्यता या बायकांत जास्त असते. पाणी जोरात गेलं आणि योनीत किंवा बाहेर दोरीसारखं काही जाणवलं, तर त्याला हात लावू नका, आत ढकलू नका. गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर करून ओणवं राहा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तसंच राहा. फोन दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, आणि तुम्ही किती आठवड्यांच्या आहात हे त्यांना फोनवर सांगता यायला हवं.